उसनी चाल: कर्जत-खोपोलीच्या गाडीतील भजन आणि समूहगानाची परंपरा

मराठी काव्यसमीक्षेने छंदाचा जितका विचार केला आहे, त्याच्या शतांशानेही चालीचा केलेला नाही. वृत्त, जाती आणि छंद या तीन वर्गांची चिकित्सा माधव जूलियन यांच्या ‘छंदोरचने’ने इतकी साक्षेपाने केली की पुढील अभ्यासकांना रचनेच्या अंगाने पाहण्याची एक पक्की चौकट मिळाली. परंतु ज्या शब्दाने सामान्य मराठी माणूस गाण्याची ओळख सांगतो, तो ‘चाल’ हा शब्द या चौकटीच्या बाहेरच राहिला. चाल संगीतशास्त्राची म्हणून साहित्यसमीक्षकाने ती सोडली. आणि रागसंगीताच्या अभ्यासकाला ती फार किरकोळ वाटली. अशोक दा. रानडे यांच्यासारखा अपवाद वगळता या मधल्या प्रदेशात फारसे कोणी फिरकले नाही. याचा परिणाम असा की, एका गाण्याची चाल उचलून तिच्यावर दुसरे शब्द बसविणे ही मराठीतील बहुधा सर्वाधिक प्रचलित काव्यकृती असूनही तिला साहित्येतिहासात स्वतंत्र स्थान मिळालेले नाही. तिच्यासाठी राखून ठेवलेला शब्द ‘उचलेगिरी’ हा आहे. आणि तो समीक्षेचा नव्हे, पोलीसचौकीचा शब्द आहे.

या कृतीचे आजचे एक ठळक क्षेत्र म्हणजे मध्य रेल्वेच्या कर्जत आणि खोपोली मार्गावरील उपनगरी गाड्या. मुंबईहून कर्जत १०० किलोमीटर. तेथून पळसदरी, केळवली, डोळवली आणि लौजी ओलांडून गाडी खालापूर तालुक्यातील खोपोलीला पोहोचते. हा फाटा जुना आहे. बोरघाट फोडला जाण्यापूर्वी, १८५६ साली, लोहमार्ग घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत आला होता; घाटातून गाडी जाऊ लागली ती १८६३ मध्ये. पुढे १९१५ साली टाटांचे जलविद्युत्केंद्र खोपोलीला उभे राहिले, भिवपुरीचे त्यानंतर. मुंबईच्या गिरण्यांना या दोन तालुक्यांनी वीज दिली आणि माणसेही दिली. कर्जत, नेरळ, भिवपुरी येथून पहाटे निघणाऱ्या चाकरमान्याचे रोजचे चार-पाच तास गाडीत जातात. या चार-पाच तासांनी एक संस्था निर्माण केली. ती म्हणजे गाडीतील भजनी मंडळ.

मंडळाची गाडी ठरलेली असते, डबा ठरलेला असतो, आणि डब्यातील जागाही बहुधा ठरलेलीच. टाळ पिशवीतून निघतात. पखवाजाची उणीव डब्याचा पत्रा आणि बाकाची पाठ भरून काढते. क्रम वारकरी भजनाचा: आरंभी रामकृष्णहरीचा गजर, मग रूपाचे अभंग, पुढे इतर अभंग, गौळण, आणि उतरण्यापूर्वी भैरवी. शब्द ज्ञानदेव-नामदेव-तुकारामांचे, त्यांत एका अक्षराचा बदल खपवून घेतला जात नाही. चाल मात्र पुष्कळदा चित्रपटगीताची असते. गाथेतील शब्दाविषयी इतका काटेकोर असणारा बुवा चालीच्या बाबतीत इतका उदार कसा, हा या निबंधाचा प्रश्न आहे.

त्याचे पहिले उत्तर छंदातच आहे. मोठ्या अभंगाचे चार चरण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे. लहान अभंगाचे दोन चरण आठ-आठ अक्षरांचे. मोजावयाची ती अक्षरे, मात्रा नव्हेत. लघुगुरूचा भेद येथे लोपतो आणि म्हणताना प्रत्येक अक्षर दीर्घ होते, हे माधव जूलियन यांनीच दाखवून दिले आहे. म्हणजे अभंगाची रचना ही जणू रिकाम्या घरांची पट्टी आहे: प्रत्येक घरात एक अक्षर, आणि ते अक्षर किती ताणावयाचे हे गाणाऱ्याने ठरवावयाचे. दुसरीकडे हिंदी-मराठी चित्रपटगीतांचा फार मोठा भाग आठ मात्रांच्या केरव्यात बांधलेला आहे, आणि भजनी ठेकाही आठच मात्रांचा. आठ अक्षरांचा चरण आठ मात्रांच्या आवर्तनात बसविण्यास कौशल्यही लागत नाही. सहा-सहा-सहा-चारचा चरण बसविताना थोडी कसरत होते. शेवटच्या चार अक्षरांनंतर जी जागा उरते तेथे ‘हो’, ‘देवा’, ‘विठ्ठला’ अशी भर येते, आणि मूळ गीतात जेथे वाद्यांचा तुकडा होता तेथेच ती नेमकी पडते. वृत्तात बांधलेला श्लोक असा कोणत्याही चालीवर चढत नाही. मोरोपंतांची आर्या चित्रपटगीताच्या चालीवर म्हणण्याचा प्रयत्न करणाऱ्यास तिचे मात्रागण आडवे येतात. संतांनी अभंग हा छंद निवडला तो गाणाऱ्या समुदायासाठी. त्या समुदायाने पुढे त्याच्यात कोणत्या चाली भराव्यात यावर छंदाने बंधन घातलेले नाही.

दुसरे उत्तर इतिहासात शोधावे लागते. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले, १८८२ साली ‘सौभद्र’. या नाटकांच्या छापील प्रतींत पदाच्या माथ्यावर कंसात ‘चाल’ असे लिहून एखाद्या परिचित पदाचे पहिले शब्द दिलेले असत. त्यांत कानडी पदे होती, कीर्तनातील पदे होती, लावण्याही होत्या. साकी, दिंडी, कामदा यांना असा निर्देश लागत नसे, कारण तेथे रचनेचे नावच चालीचे नाव होते. हा कंसातील निर्देश मराठी साहित्यातील एक विलक्षण तळटीप आहे, जी तळाशी नसून माथ्यावर असते. नवा शब्द कोणत्या जुन्या शब्दाच्या जागी बसला आहे, हे तो लपवीत नाही; उलट ते सांगितल्याशिवाय वाचकाला पद म्हणताच येणार नाही, असे गृहीत धरतो. आंतरसंहितात्मकतेचा सिद्धांत पश्चिमेकडून येण्याच्या कितीतरी आधी मराठी छापखाना तिचा व्यवहार करीत होता. आज त्या निर्देशांतील बहुतेक मूळ पदे विस्मृतीत गेली आहेत आणि उसनी घेणारी पदे उरली आहेत. ऋणको जगला, धनकोचे नाव फक्त कंसात राहिले.

उसनवारीची ही परंपरा पुढे थांबली नाही, तिचे धनको तेवढे बदलले. ‘मानापमाना’साठी (१९११) गोविंदराव टेंबे यांनी पूरब अंगाच्या ठुमरी-गझलांकडे पाहिले, ‘स्वयंवरा’साठी (१९१६) भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशींकडे, ‘एकच प्याल्या’ची (१९१९) पदे सुंदराबाईंनी दिलेल्या चालींवर उभी राहिली. गाणाऱ्या स्त्रियांच्या बैठकीतील चाली अशा रीतीने सिंधूसारख्या पतिव्रतेच्या तोंडी आल्या. त्या काळी यावर नाके मुरडणारे होते, परंतु नाट्यगृहे भरत राहिली. अभंगाला प्रेमगीताची चाल लावणाऱ्या आजच्या बुवावर जो आक्षेप घेतला जातो तो येथेही घेता आला असता. आज तो कोणी घेत नाही, कारण नाट्यपद अभिजात झाले आहे. आक्षेप चालीच्या उगमावर असतो असे भासते, पण तो बहुतेक वेळा ती उसनी घेणाऱ्याच्या सामाजिक स्थानावर असतो.

हे केवळ मराठीचे वैशिष्ट्य मानण्याचे कारण नाही. हान्स लेओ हास्लर या जर्मन रचनाकाराने १६०१ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रेमगीताची चाल पुढे ख्रिस्ताच्या वेदनांवरील पाउल गेरहार्टच्या स्तोत्राला मिळाली आणि अठराव्या शतकात बाखने तीच आपल्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’मध्ये पुनःपुन्हा वापरली. पाश्चात्त्य स्तोत्रसंग्रहांत चालीला शब्दांपासून वेगळे नाव असते, हेही लक्षणीय आहे: एकच चाल अनेक स्तोत्रांना आणि एकच स्तोत्र अनेक चालींना लावता यावे म्हणून चरणांच्या अक्षरसंख्येनुसार त्यांची वर्गवारी केलेली असते. अभंगाच्या घरांच्या पट्टीशी याचे साम्य उघड आहे. ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती उपासनेसाठी अभंग आणि भजन यांचा आश्रय केला आणि मराठी चर्चच्या ‘उपासना संगीता’त देशी व विलायती चाली शेजारी शेजारी नांदू लागल्या, त्यामागे ही दोन्हींकडची सोय होती.

उलट दिशेचा प्रवास इंग्लंडमधील फुटबॉलच्या मैदानांवर दिसतो. फुटबॉल असोसिएशन चषकाच्या अंतिम सामन्यापूर्वी १९२७ पासून हेन्री लाइट या धर्मोपदेशकाचे एक सायंस्तोत्र गाइले जाते. वेल्समधील ‘कूम रॉन्डा’ ही १९०७ सालची स्तोत्राची चाल तर प्रतिस्पर्धी संघाच्या पाठीराख्यांना खिजविण्यासाठी वापरात आली. चर्चमध्ये शिकलेली चाल मैदानात टोमण्यासाठी, आणि चित्रपटगृहात शिकलेली चाल गाडीत देवासाठी: दोन्हींत चालीचे स्थलांतर आहे, फक्त पवित्र आणि लौकिक यांच्या जागा उलटल्या आहेत. लिव्हरपूल संघाच्या पाठीराख्यांनी आपलेसे केलेले गीत याहून बोलके आहे. ते मुळात रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांच्या ‘कॅरोसेल’ या १९४५ सालच्या संगीतिकेतील, एका मृत्यूनंतरच्या सांत्वनाचे. १९६३ साली लिव्हरपूलमधीलच गेरी अँड द पेसमेकर्स या वाद्यवृंदाने ते गाइले आणि लोकप्रियतेच्या यादीत ते अग्रस्थानी गेले. अॅनफील्डच्या मैदानावरील ‘कॉप’ या सज्ज्यातील गर्दीने ते उचलले आणि यादीतून ते उतरल्यावरही सोडले नाही. येथे शब्दही बदलले नाहीत. बदलला तो उच्चारणारा. एका पात्राने दुसऱ्या पात्रास दिलेला धीर हजारोंनी एकमेकांस दिलेला शब्द झाला. पुढे ‘द व्हाइट स्ट्राइप्स’च्या २००३ सालच्या एका गीतातून युरोपातील प्रेक्षकांनी शब्द टाकून देऊन केवळ सात स्वरांची ओळ ठेवली, आणि २००६ च्या विश्वचषकात ती इटलीची विजयघोषणा झाली. गर्दी चाल का उसनी घेते, याचे कारण अशा उदाहरणांत उघडे पडते: तालमीवाचून, नेत्यावाचून, कागदावाचून हजार माणसांना एकाच क्षणी एकाच स्वरावर यावयाचे असेल तर त्यांना आधीपासून येत असलेलीच चाल लागते. नवी चाल शिकविण्यास शिक्षक हवा. जुनी चाल रेडिओने फुकट शिकविलेली असते.

समूहाने गाता येईल अशी चाल नव्याने घडविणे किती कठीण, याचा अनुभव मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांना आला. ‘वंदे मातरम्’ला राष्ट्रगीताचे स्थान मिळावे म्हणून त्यांनी झिंझोटीत, सर्वसामान्यांना एकत्र म्हणता येईल अशी, चाल बांधली, ती वाद्यवृंदावर वाजत नाही हा आक्षेप खोडण्यासाठी पोलीस बँडकडून ती वाजवून दाखविली. २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेत निर्णय झाला तो ‘जन गण मन’च्या बाजूने, जरी ‘वंदे मातरम्’लाही समान मान देण्यात आला. हा वाद राजकीय होता हे खरेच. पण त्यातील एक मुद्दा चालीचा होता, आणि राष्ट्राच्या इतिहासात चालीने असा निर्णायक मुद्दा होण्याचे प्रसंग थोडे.

दलित जलशांच्या परंपरेत उसनवारीला वेगळेच धारदार रूप आले. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा आकृतिबंध घेऊन त्यातील गणगौळणीचा आशय उलटविला होता. १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी तो मार्ग पुढे नेला. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्या लेखनाचा आरंभच एका हिंदी चित्रपटगीताच्या विडंबनाने झाला, आणि पुढे त्यांची कितीतरी गीते प्रचलित चालींवर महाराष्ट्रभर गेली. ज्याच्याजवळ सभागृह नाही, वाद्यवृंद नाही, छापखाना नाही, त्याला चित्रपटाने वस्तीवस्तीत पोहोचविलेली चाल हेच वितरणाचे साधन होते. पीटर मॅन्युएल यांनी उत्तर भारतातील ध्वनिफितींच्या व्यवहाराचा जो अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध केला, त्यात अशा विडंबनगीतांना स्वतंत्र जागा दिली आहे; पण त्यांच्यापुढे प्रामुख्याने बाजार होता. वामनदादांच्या बाबतीत बाजार नंतर आला.

आता प्रश्न असा की, उसनी चाल ऐकताना मूळ गीताचे काय होते? अत्र्यांच्या ‘झेंडूच्या फुलां’सारख्या विडंबनात मूळ कविता वाचकाच्या मनात जिवंत असणे अपरिहार्य आहे; ती विसरली तर विनोद मरतो. मैदानावरील टोमण्यातही स्तोत्राचे गांभीर्य आठवावे लागते. भजनाच्या बाबतीत मात्र सांप्रदायिक स्पष्टीकरण असे दिले जाते की मूळ गीत विसरले जावे हेच अभिप्रेत असते: चालीचे शुद्धीकरण होते, प्रेयसीच्या जागी पांडुरंग येतो. हे स्पष्टीकरण सोयीचे आहे, पण पुरते खरे नाही. बुवाने नवी चाल धरली की पहिल्या ओळीला डब्यातील चेहऱ्यांवर एक ओळखीचे हसू उमटते. टाळ धरणारा तरुण ‘अरे, ही तर ती चाल’ असे डोळ्यांनीच शेजाऱ्याला सांगतो. मूळ गीत पुसले गेलेले नसते. ते काही क्षण अभंगाच्या शेजारी बसलेले असते. दुसऱ्या कडव्यापर्यंत हसू मावळते आणि धृपद म्हणणाऱ्यांचा आवाज वाढतो. ही जी हसण्याकडून म्हणण्याकडे होणारी वाटचाल आहे, तिच्यात या प्रकाराचा सगळा रस आहे. तिला विडंबन म्हणता येत नाही आणि शुद्धीकरणही म्हणता येत नाही. कोकणातील डबलबारीत ती अधिक उघड असते: दोन बुवा समोरासमोर, एकाने टाकलेल्या चालीला दुसऱ्याने चालीनेच उत्तर द्यावयाचे, आणि ओळखीच्या त्या हशावर बारीची सरशी ठरावयाची. फुटबॉलच्या दोन टोकांच्या सज्ज्यांत जो गायनकलह चालतो, त्याचे अधिक कसदार रूप येथे आहे.

कर्जत-खालापूरच्याच भूमीत या व्यवहाराला छेद देणारी एक परंपरा आहे, तिची नोंद केल्याशिवाय चित्र एकांगी राहील. आगरी समाजाच्या लग्नात धवळारीण धवळे गाते. ‘धवळे’ हा शब्द थेट महदंबेपर्यंत, तेराव्या शतकापर्यंत, मागे जातो. धवळारणीचे गाणे विधीला बांधलेले असते. शब्द पुढे सरकतात, प्रसंग बदलतो, चाल मात्र तीच ती राहते. तिला मूळ नाही, म्हणून उसनेपणही नाही. त्याच मांडवात हळदीच्या रात्री बेंजो आणि ढोल येतात आणि चित्रपटगीते, कोळीगीते, पुन्हा त्यांच्या चालींवरची स्थानिक गीते असा अखंड फेर चालतो. कोळ्यांच्या चालींवर शांता शेळके-हृदयनाथ मंगेशकर यांची गीते उभी राहिली, ती ध्वनिमुद्रिकेवरून पुन्हा किनाऱ्यावर व तेथून हळदीच्या मांडवात आली. कोणी कोणाचे घेतले याचा हिशेब येथे लागत नाही. कायद्यानेही तो लावण्याचे टाळले आहे: १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात धार्मिक विधी आणि लग्नसमारंभ यांतील गायनवादनाला सूट आहे. ठाकर-कातकऱ्यांच्या गाण्यांवर मात्र या फेऱ्याचा परिणाम एकतर्फी झालेला दिसतो. त्यांच्याकडे चाली गेल्या, त्यांच्याकडून आलेल्या फारशा कोणी मान्य केल्या नाहीत.

समूहगानाचा गौरव करताना त्याची दुसरी बाजू झाकण्याची सवय लोकसाहित्याच्या अभ्यासकांना जडली आहे. एकत्र गाणारे लोक ‘आपण’ निर्माण करतात, त्याच श्वासात ‘ते’ही निर्माण करतात. युरोपातील मैदानांवर कृष्णवर्णीय खेळाडूंचा अवमान करणाऱ्या ओळी याच लोकप्रिय चालींवर रचल्या गेल्या. गाडीतील भजनात असा विखार नाही. परंतु तो डबा बहुतांशी पुरुषांचा आहे, तेथे एका संप्रदायाचा देव आहे, आणि रात्रपाळी करून आलेल्या, किंवा दुसऱ्या धर्माच्या, किंवा केवळ शांतपणे पेपर वाचू पाहणाऱ्या प्रवाशाला तेथे मत विचारले जात नाही. रेल्वेकडे तक्रारी होतात आणि १९८९ च्या रेल्वे कायद्यात उपद्रवाविषयीचे कलम आहे. भजनी मंडळाचे समर्थक या तक्रारीला संस्कृतिद्वेष म्हणतात, तक्रारदार भजनाला गोंगाट म्हणतात. दोघांनाही न दिसणारी गोष्ट ही की उसन्या चालीमुळेच भजनाची सीमा काहीशी सैल झालेली आहे. ज्याला अभंग ठाऊक नाही, ज्याचा देव वेगळा आहे, त्यालाही चाल ठाऊक असते. नकळत त्याचे बोट बाकावर ठेका धरते. पारंपरिक चालीच्या भजनात या माणसाला शिरकावच नव्हता. हा शिरकाव म्हणजे सामीलकी नव्हे, हेही तितकेच खरे. ठेका धरणारे बोट आणि टाळ धरणारा हात यांत अंतर राहतेच, आणि ते किती आहे हे त्या प्रवाशालाच ठाऊक.

या गीतव्यवहाराचा इतिहास लिहावयाचा तर साधने कोणती, हा प्रश्न अभ्यासकाला अडवील. गाथा सर्वत्र आहे, पण तिच्यात चाली नाहीत. ध्वनिमुद्रणे अलीकडची आणि तुरळक. गिरणगावातील चाळींच्या भजनी मंडळांविषयी नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी संकलित केलेल्या कामगारांच्या मुखकथनांतून (२००४) काही हाती लागते. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव उसवत गेले आणि कष्टकऱ्यांची वस्ती लोहमार्गाने बाहेर सरकत बदलापूर, नेरळ, कर्जतपर्यंत पसरली, तेव्हा चाळीच्या गॅलरीतील भजन डब्यात आले असावे हा तर्क त्यावरून करता येतो. परंतु सर्वांत विश्वसनीय साधन बुवांच्या वह्यांचे आहे. अभंगाचे पहिले शब्द, आणि त्याच्या डोक्यावर, किर्लोस्करांच्या छापील पुस्तकांत असे तसेच, चालीसाठी घेतलेल्या गीताचे दोन-तीन शब्द. नवी चाल आवडली की जुने नाव खोडले जाते आणि शेजारी नवे येते. अभंग तोच असतो, शाई बदललेली असते. आणि खोडलेली ती नावे क्रमाने वाचीत गेल्यास कोणत्या वर्षी खोपोलीच्या गाडीत काय ऐकले जात होते, ते कळते.